मामाने उचलायची नवरी

समीक्षाने मटणाच्या रश्श्यावरचा लाल तवंग चमच्याने हळूच बाजूला सारला, आणि नेमकं तेच गीताआत्याने बघितलं.

"काय झाला गो? माशी पडली का?"

"नाय आत्या. असंच."

"असंच कसा? तवंग बाजूला काढतंस? अगो, तीच तर खरी चव! पहाटे उठून वाटण वाटलाय मी." असं म्हणत आत्याने पातेल्याच्या अगदी वरच्या थरात डाव बुडवला आणि तेलाने चमचमणारा रस्सा समीक्षाच्या वाटीत ओतला. वर गरम वडे ठेवले. वड्यांचं तेल अजून निथळत होतं.

भरल्या ताटावर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एवढी भीती सहसा दिसत नाही. पण करणार काय? केळवण होतं ते. लग्न ठरलं की नात्यातली घरं एकामागून एक नवरीला जेवायला बोलावतात, साडी नेसवतात, ओटी भरतात आणि पोरगी यापुढे जन्मात कधी जेवणारच नाही अशा थाटात तिला वाढतात. तिथे नको म्हणायची सोय नसते. नको म्हटलं की रुसवा, आणि लग्नात रुसलेली आत्या नातवंडांच्या बारशापर्यंत रुसलेलीच राहते. तेव्हा समीक्षा मुकाट्याने जेवली. हात धुवायच्याही आधी तिच्या पोटात अशी काही गुरगुर झाली की पंगतीतल्या एका काकांनी मान वर करून आभाळाकडे पाहिलं.

"आत्या, संडास कुठंय?"

"गोठ्याच्या मागं. का गो?"

उत्तर द्यायला समीक्षा जागेवर नव्हती.

आता पोरगी काही आजारी नव्हती. चांगली धडधाकट होती. शहापूरच्या बाजारात एका मोठ्या किराणा दुकानाच्या बिलिंग काउंटरवर दिवसभर उभी राहायची आणि कापणीच्या दिवसांत घरच्यांबरोबर भाताचे भारे वाहायची. अंगाने भरलेली. तशीच तिची आई अनिता, तशीच अनिताची आई. त्या घरात कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मुरबाडकडच्या सुयोगने तिला पसंत केलं तेही अशीच बघून, आणि वर "तू हसतेस भारी" असं बोलून गेला. घोडं अडलं होतं ते मामापाशी.

त्यांच्या घराण्यात नवरीने मंडपात चालत यायचं नसतं. मामाने तिला उंबऱ्यातून दोन्ही हातांवर उचलायची आणि थेट नेऊन पाटावर ठेवायची. समीक्षाचा मामा कोंडू तानसा तलावाच्या बाजूला एका पाड्यावर राहायचा. माणूस काटकुळा, पण हौस दांडगी. मागच्या पावसाळ्यात पाण्याचा पंप ओढताना त्याच्या कंबरेत अशी काही चमक भरली की खाटेवरून उठायचं म्हटलं तरी मैनामामीला हाक मारावी लागायची. डॉक्टरने कंबरेला पट्टा दिला आणि यापुढे वजन उचलायचं नाही अशी ताकीद दिली. मामीने हे फोनवर अनिताला सांगितलं, समीक्षाने ते ऐकलं आणि ती तडक मामाकडे गेली.

"मामा, लग्नात मी चालत येईन. तू नुसता हात धर."

"का?"

"तुला डॉक्टर काय बोललाय? वजन उचलायचं नाय."

"मंग? तू काय वजन हायस?" मामा खाटेवरून उठून उभा राहिला, मामीला हाक न मारता. "नवरीला उचलायचा नाय तर मामा पायजे कशाला? पंगतीत बसायला?"

त्या दिवशी मामा जेवला नाही. समीक्षाच्या घशाखालीही घास उतरला नाही, कारण ती लहानाची मोठी झाली ती मामाच्याच घरी. बापाची नोकरी कसाऱ्याला रेल्वेत, रात्रपाळी-दिवसपाळीची. शाळा मामाच्या पाड्याजवळ. मामा-मामीला मूलबाळ नव्हतं, तेव्हा पोरीचे सगळे लाड, सगळे ताप आणि सगळ्या परीक्षा त्यांनीच काढल्या. आता भर मंडपात, सगळ्या भावकीसमोर मामाची कंबर धरली तर? लोक हसतील. मामा कायमचा खाटेला लागेल. आणि उचलू दिलं नाही तर तो खाटेवर न पडताच आजारी पडेल. मामा ऐकणार नव्हता. मग हलकं व्हायचं कुणी? तिनेच.

म्हणून ती दुकानाशेजारच्या मेडिकलमध्ये गेली. डॉक्टरकडे गेली नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. काउंटरवरचा पोरगा तिच्या ओळखीचा होता.

"वजन कमी करायला काय हाय का रे? लवकरात लवकर?"

त्याने एक डबी काढून दिली. "जेवणाबरोबर एक कॅप्सूल घ्यायची. खाल्लेली चरबी अंगाला लागूच देत नाय."

"मग जाते कुठं?"

पोरगा खोकला. "जाते. म्हणजे… बाहेर जाते."

"पथ्य काय?"

"तेलकट-तुपकट बंद. आणि नाय जमलं तर…" त्याने इकडेतिकडे पाहिलं. "तर घराच्या जवळपास राहायचं, ताई."

एवढं स्पष्ट सांगितल्यावरही समीक्षाला वाटलं, लग्नाच्या गडबडीत फार उन्हात हिंडू नका, असं काहीतरी तो मायेने सांगतोय. आणि दुसऱ्याच दिवशीपासून केळवणं सुरू झाली! केळवणांच्या मोसमात ही गोळी घ्यायची म्हणजे चिखलणीला पांढरी साडी नेसून उतरायचं. त्याचंही प्रत्यंतर लवकरच आलं. चुलत काकीने हौसेने नेसवलेल्या अबोली साडीवर निघताना मागच्या बाजूला एक केशरी डाग दिसला.

"अगो बाय, हळद लागायच्या आधीच पिवळी झालीस?" काकी हसली. सांडलेला रस्सा असेल, असं तिला वाटलं. समीक्षाने ते तसंच वाटू दिलं आणि त्या दिवसापासून काळ्या रंगाशिवाय दुसरं काही अंगाला लावलं नाही. नवरीने काळं काय नेसायचं म्हणून आई ओरडली, तर म्हणाली, "फॅशन हाय."

मग तिने एकेक युक्ती काढायला सुरुवात केली. पर्समध्ये जादा परकर. पंगतीत जागा मागच्या दाराशी. आणि मुख्य म्हणजे, वेळ आल्यावर शोधाशोध नको म्हणून घरात पाऊल टाकल्या टाकल्या, पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्याही आधी, "काकी, तुमचा संडास कुठंय?" एवढं विचारून ती थांबायची नाही. जाऊन बघून यायची. कडी लागते का, बादलीत पाणी आहे का, दिवा पेटतो का. समाधान झालं की मग हसतमुखाने पाटावर बसायची.

तिच्या लेखी ही सावधगिरी होती. पण नातेवाईक काही आंधळे नव्हते. एका घरातून दुसऱ्या घरात बातमी गेली: अनिताची पोरगी केळवणाला येते ती आधी संडास बघते. शहापूरला कामाला जाते, स्वच्छतेचं भारी वेड आहे तिला. झालं! पुढच्या घरी संडासाला चुना लावलेला. त्याच्या पुढच्या घरी नवा साबण आणि खुंटीला इस्त्रीचा टॉवेल. एका मावशीने तर खिडकीत प्लास्टिकची फुलं ठेवली होती आणि समीक्षा आत असताना बाहेरून विचारत होती, "बरा हाय ना गो? काय कमी नाय ना?"

"नाय मावशी," आतून आवाज आला. "तुमी जा ना जरा."

बातमी अशी घराघरांतून फिरत फिरत मुरबाडला पोचली. एका दुपारी सुयोगचा फोन आला. आवाज दबका होता.

"एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचार की."

"तुला आमचा संडास आवडला नाय का?"

समीक्षाच्या हातातली बिलाची पट्टी खाली पडली. "कुठला संडास?"

"आमचा. साखरपुड्याला आली होतीस तेव्हाचा."

"अरे, मी गेलेच नव्हते तिकडं!"

"तेच तर बाबा बोलतात! सगळ्यांच्या घरी जाते, आपल्याकडं गेली नाय. म्हणजे लांबूनच बघून नापसंत केला."

"सुयोग, असं काय नाय रे. बाबांना सांग, काय करू नका म्हणून."

"आता काय सांगू? त्यांनी जुना पाडला पण. सकाळीच."

"पाडला? मग तुमी सगळे…"

"शेजारच्या काकांकडं. आजी रुसून बसलीय. ती बोलते, अजून सून आली नाय आणि माझी जागा गेली."

समीक्षाने कपाळाला हात लावला. खरं सांगायचं तर गोळीचं सांगावं लागणार. गोळीचं सांगितलं तर का घेतली ते सांगावं लागणार, आणि ते फिरून मामाच्या कानावर जाणार. मामाला कळलं की भाचीने त्याच्या कंबरेवर विश्वास ठेवला नाही, की मग संपलंच. तिने घाईने फोन ठेवला. संध्याकाळी होणाऱ्या सासऱ्यांचा, जयरामबाबांचा, व्हॉट्सअ‍ॅपवर फरशांचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, "सूनबाई, गुलाबी का आकाशी?"

बिचारीने "आकाशी" असं लिहून पाठवलं आणि खाली हात जोडलेलं चित्र टाकलं.

एवढं सगळं सोसून वजन तरी उतरावं? दुकानातल्या तांदळाच्या काट्यावर ती रोज गुपचूप उभी राहायची आणि काटा रोज तिला तोच आकडा दाखवायचा. गोळी जेवढं बाहेर काढत होती, तेवढं आत्या, काकी आणि मावशी मिळून परत भरत होत्या. लग्न तर तोंडावर आलं होतं. शेवटी तिने मनाशीच हिशेब केला. घरचं जेवण बंद. केळवणाचं टाळता येत नाही, तर त्याबरोबर एकाच्या जागी दोन गोळ्या. आईने पोरीचं तोंड उतरलेलं पाहिलं, सासरी जायच्या दुःखाने खात नाही असं तिला वाटलं, आणि तिने डोळे पुसत साजूक तुपातले लाडू वळायला घेतले.

शेवटचं केळवण मामाचं. त्या दिवशी सकाळपासून समीक्षाच्या पोटात पाण्याखेरीज काही नव्हतं, आणि पाणीही धड नाही. रिक्षा डांबरी रस्त्यापर्यंतच येते, तिथून मामाच्या पाड्यावर जायला उघड्या शेतांतून बांधाबांधाने चालावं लागतं. वैशाखाचं ऊन. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. पाड्यावर पोचली तर अंगणात मामा भाताची गोणी दोन्ही हातांवर आडवी घेऊन उंबऱ्यापासून तुळशीपर्यंत चालत होता. मागून मामी बोलत होती.

"बघ गो, बघ तुझ्या मामाला! रोज एक फेरी चाललीय. नवरी आणायची हाय का गिरणीत भात द्यायचाय?"

"प्रॅक्टिस हाय," मामा म्हणाला. गोणी ठेवताना त्याचा चेहरा वेडावाकडा झाला, पण भाचीकडे बघताच त्याने तो सरळ करून घेतला. "ये गो, बस. मामीनं घारगे केलेत. मटण हाय. घरचा तूप हाय."

तूप हा शब्द ऐकताच समीक्षाने गोळ्या तोंडात टाकल्या आणि ताटावर बसली. मामीने वाढलं, मामाने आग्रह केला, आणि ती हसत हसत जेवली. या घरात ढोंग करणं सगळ्यात कठीण होतं. इथे ती जेवताना मामा तिच्याकडे असा बघत बसायचा की स्वतःचं ताट विसरायचा. ताट संपायच्या आतच ती उठली.

"जा, जा," मामा अभिमानाने म्हणाला. "मला समजलाय सगळा. तुझ्यासाठी दाराला कालच रंग दिलाय. ऑइलपेंट!"

इथेच घात झाला. पत्र्याचं छप्पर, वरून तापलेलं ऊन, आत फिनेलचा उग्र वास, आणि दाराला जाड निळा ऑइलपेंट, तोही धड न सुकलेला. समीक्षाने आत जाऊन दार लोटलं आणि ते चौकटीला असं घट्ट चिकटलं की निघताना हलेना. तिने जोर लावला. आणखी लावला. मग भिंती फिरायला लागल्या.

"मामी…" हाक मारली, पण ती तिची तिलाच जेमतेम ऐकू आली.

मामाला मात्र ऐकू गेली. कशी गेली, ते त्यालाच ठाऊक. तो ताटावरून उष्ट्या हातानेच उठला, परसात गेला, दोन हाका मारल्या, उत्तर नाही, तेव्हा खांदा लावून त्याने दार आत ढकललं. समीक्षा भिंतीला टेकून खाली बसलेली, डोळे अर्धे मिटलेले, ओठ कोरडे.

मग कोंडूमामाने काय केलं? कंबर, डॉक्टर, ताकीद, प्रॅक्टिस, यातलं त्याला काहीही आठवलं नाही. तो वाकला, तिला दोन्ही हातांवर उचलली आणि पळत सुटला. अंगण ओलांडलं, कुंपण ओलांडलं, बांधावर चढला. ज्या वाटेने रिकाम्या हाताने जायचं तरी पाय जपून टाकावे लागतात, त्या वाटेने मामा नवरी घेऊन धावत होता. खांद्यावर निळा रंग, हाताला रस्सा. मागून मैनामामी हातात कंबरेचा पट्टा घेऊन पळत होती.

"अवो, पट्टा! पट्टा तरी घाला!"

शेतातली माणसं उभी राहून बघत होती. लग्न अजून व्हायचंय ना, असं कुणीतरी विचारलंही. मामा धावतच राहिला. रस्त्यावर रिक्षा मिळाली तेव्हाच तो थांबला, आणि शहापूर येईपर्यंत त्याने तिला मांडीवरून बाजूला ठेवली नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सलाइन लावलं, नाडी बघितली आणि विचारलं, "काय खाल्लं होतंस? कसली औषधं?"

समीक्षाने मामाकडे पाहिलं. मामा दाराशी उभा होता. आता लपवून काय उपयोग? तिने सगळं सांगून टाकलं. गोळी, दोन गोळ्या, बंद केलेलं जेवण, केळवणं, सगळं.

"शाब्बास!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अंगातलं पाणी घालवलंस, जेवण सोडलंस, वर डबल गोळ्या आणि हे ऊन. औषध मनाने घ्यायचं नसतं, एवढं तुम्हा शिकलेल्या मुलींना कुणी सांगायचं? गोळ्या आजपासून बंद. आज मीठ-साखरेचं पाणी, उद्यापासून पेज, आणि दोन्ही वेळा नीट जेवण. कुणासाठी चाललं होतं हे? नवरा बोलला का काही?"

"नाय हो. तो काय नाय बोलला."

"मग?"

समीक्षाची नजर पुन्हा मामाकडे गेली. मामा काय ते समजला. तो हळूच येऊन खाटेच्या कडेवर बसला. सलाइन नसलेला तिचा हात त्याने हातात घेतला.

"माझ्यासाठी केलास ना गो?"

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "तुझी कंबर धरली असती, मामा. सगळ्यांसमोर. लोक हसले असते तुला. मला ते बघवलं नसतं."

"आणि मला हा बघवतंय?" मामाने सलाइनच्या बाटलीकडे बोट केलं. मग तो तिची बोटं चोळायला लागला. "भाताचा भारा तरी कुणी एकट्यानं उचलतो का गो? दुसरा हात लावतो, तवा तो डोक्यावर येतो. मला बोलायचास, मामा, हात लावू का. एकटीच हलकी होत बसलीस."

"मामा, मी जड लागले का रे तुला? बांधावरून?"

मामाचा चेहरा वेडावाकडा झाला, आणि या वेळी त्याने तो सरळ केला नाही. "जड लागली असतीस तर बरा वाटला असता. हातात घेतली आणि पोटात धस्स झाला माझ्या. पिसासारखी लागलीस. वाटला, गेली का काय पोरगी." आणि मामा तिथेच, दवाखान्यात, सगळ्यांसमोर रडला. मामी म्हणाली, "रडा, पण पट्टा घाला," आणि तीही रडली.

संध्याकाळी सुयोग वडिलांना घेऊन धावत आला. सुयोगने सगळं ऐकून घेतलं, तिच्या उशाशी स्टूल ओढून बसला आणि मीठ-साखरेच्या पाण्याचा ग्लास पुढे केला. एवढंच म्हणाला, "सगळा पी. आणि आधी मला सांगत जा." जयरामबाबा मात्र खाटेच्या पायथ्याशी कसल्यातरी विचारात उभे होते. शेवटी त्यांच्याने राहवेना.

"म्हणजे, सूनबाई… आमचा संडास आवडला नाय, असा काय नव्हता?"

"नाय बाबा. मी बघितलापण नव्हता."

"मी पाडला की गो तो!" त्यांनी सुयोगकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, मग स्वतःचीच समजूत घातली. "ऱ्हाऊ दे. नवा तरी बरा झालाय. म्हातारी सकाळपासून बाहेरच येत नाय."

गोळ्यांची डबी मामीने चुलीत घातली. अनिताचे लाडू मात्र चुलीत गेले नाहीत. पेजेनंतर भाकरी आली, भाकरीनंतर मासळी आली, आणि जी जी घरं केळवणाला वाढलेलं पोरीच्या अंगी लागलं नाही म्हणून हळहळली होती, त्यांनी एकेक डबा पाठवून त्याची भरपाई केली. पोट शांत होतं, तेव्हा समीक्षानेही मागे-पुढे पाहिलं नाही. हळदीच्या आदल्या दिवशी चोळीचा टाका उसवावा लागला.

लग्नाच्या दिवशी उंबऱ्यात ती नटून उभी राहिली तेव्हा तिने आधी मामाच्या कंबरेकडे पाहिलं. मामा समोर उभा होता. नवा सदरा, वर लाल फेटा, आणि सदऱ्यावरूनच मामीने आवळून बांधलेला पट्टा. वाकावं लागू नये म्हणून तिला चौरंगावर उभी केली होती. एका बाजूने बापाने हात लावला, दुसऱ्या बाजूने गीताआत्याने.

"मामा, नीट रे," ती पुटपुटली.

"गप गो."

भारा डोक्यावर चढवावा तशी दोघांनी तिला मामाच्या हातांवर दिली. मामाने एकदा पाय रोवले, श्वास घेतला, आणि निघाला. बँजोवाले पेटले. पोरींनी ओरडून मंडप डोक्यावर घेतला. मामा न डगमगता, न थांबता, मधला सगळा मंडप ओलांडून पाटापाशी येऊन उभा राहिला. अंतरपाट धरलेला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. समीक्षाने डोळे मिटून देवाचे आभार मानले आणि पाटावर उतरायला पाय सरळ केले.

मामाने तिला खाली ठेवली नाही.

"ठेवा मुलीला, कोंडूमामा," गुरुजी म्हणाले.

"हां, हां," मामा म्हणाला आणि तसाच उभा राहिला.

"कंबर धरली! धरली बघा कंबर!" मैनामामी गर्दीतून वाट काढत धावली. बँजो मध्येच थांबला. अंतरपाटापलीकडून सुयोगने टाचा उंचावून पाहिलं. ज्याला समीक्षा एवढं घाबरत होती, तेच झालं. तिने मामाच्या तोंडाकडे पाहिलं.

"मामा, दुखतंय? धरली का कंबर?"

"कंबरेला काय झालाय?" मामा म्हणाला. त्याचे डोळे गच्च भरले होते आणि हातांची पकड आणखीच घट्ट झाली होती. "खाली ठेवली का तू जाशील गो."

एवढ्या दिवसांत हा विचार कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. सगळे त्याच्या कंबरेच्या काळजीत होते. गुरुजी घड्याळ बघत होते. जयरामबाबा काहीतरी बोलणार होते, पण सुयोगने त्यांचा हात दाबला. समीक्षाने मुंडावळ्या बाजूला केल्या, मामाच्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं.

"गुरुजी," ती म्हणाली, "तुमी चालू करा."

गुरुजींनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि घसा साफ केला. मामीने मागून येऊन दोन्ही हातांनी मामाची कंबर धरून ठेवली. वऱ्हाडी अक्षता घेऊन उभे राहिले आणि पहिलं मंगलाष्टक सुरू झालं. ते अख्खं मंगलाष्टक समीक्षाने मामाच्या हातांवरूनच ऐकलं.